नाकासमोर चालणाऱ्यांची परीक्षा

पत्र जेमतेम सहा ओळींचं होतं. मासिकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर, केस गळण्यावरच्या औषधाच्या जाहिरातीखाली ते छापलं होतं. पण मापेसाहेबांनी ते वाचलं आणि हातातला चहा तसाच टीपॉयवर ठेवला.

"'दहा बाय बाराचं जग' या आपल्या क्रमशः कादंबरीचा नायक दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत शिरतो, दार लावतो आणि यंत्राने उभ्या केलेल्या बनावट रानातून चार मैल चालतो. मी माझ्या घरी तेवढ्याच खोलीत टेप लावून पाहिला. पाचव्या पावलाला भिंत येते. चार मैलांची पावले सुमारे साडेआठ हजार. म्हणजे नायकाचे कपाळ किमान सतराशे वेळा भिंतीवर आपटायला हवे. लेखकाने एक तर खोली मोठी करावी, नाहीतर कपाळाला काय लावले ते कळवावे. – एक वाचक."

हा 'एक वाचक' कोण, हे शोधायला गुप्तहेर लागणार नव्हता. अख्ख्या इमारतीत खिशात टेप घेऊन हिंडणारा माणूस एकच होता. तळमजल्यावरचे पूलवाले. हे गृहस्थ आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झाले होते, आणि त्यांचा एकही पूल पडला नव्हता. त्यामुळे आपलं कुठलंच म्हणणं पडू शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मापेसाहेब हे काही खरं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, लिटरच्या मापात लिटरभरच मावतं ना ते बघायचं, आणि चुकलं असेल तिथे शिक्का मारून वस्तू जप्त करायची, असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. इमारतीतल्या लोकांनी केव्हातरी 'मापेसाहेब' म्हणायला सुरुवात केली आणि पोस्टमनने ते नाव कायम केलं. सकाळी नाकासमोर ऑफिसला जाणारा आणि संध्याकाळी नाकासमोर घरी येणारा हा माणूस. आयुष्यात वाकडं पाऊल एकच पडलं होतं, ते म्हणजे विज्ञानकथा. जे यंत्र अजून कुणी बनवलं नाही ते कागदावर बनवायचं, आणि त्यात माणसाला बसवून पाठवून द्यायचं, हा त्यांचा छंद. आणि अशा माणसाला कुणीतरी चारचौघांत सांगावं की, तुमचं माप चुकलंय? लेखकाला शिवी दिली तर तो ती मोठेपणाने सोसतो. वजनमापे निरीक्षकाला 'माप चुकलं' म्हटलेलं सोसत नाही.

"मग चुकलंच आहे की," बायको म्हणाली. ती शाळेत पीटीची शिक्षिका होती. तीस वर्षं मैदानावर ओरडून तिचा आवाज असा झाला होता की, ती घरात कुजबुजली तरी जिन्यात लोक सावधान उभे राहत. "पाच पावलांत चार मैल कसा चालेल तो? गोल गोल फिरतो म्हणून लिहा."

"गोल फिरला तर त्याला कळेल ना, आपण गोल फिरतोय म्हणून! तो सरळ चालतोय. त्याच्या समोर रान आहे, पाठीमागे रान आहे."

"मग डोकं आपटेल."

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. ते मृदू बोलत, आणि माणूस मृदू बोलायला लागला की मापेसाहेबांना घाम फुटे. "त्या पत्रावर आणखी अकरा पत्रं आली हो. एकाने तर खोलीचा नकाशा पाठवलाय. बघा, पुढच्या महिन्यात याचं काही पटण्यासारखं उत्तर देता आलं तर देऊ. नाहीतर नायकाला बाहेर काढू आणि कादंबरी संपवू. त्या जागी बागकामाचं सदर घेता येईल."

बागकाम! मापेसाहेबांच्या मनाला ते फार लागलं. चौदा प्रकरणं लिहून झाल्यावर आपली जागा भोपळ्याच्या वेलाने घ्यावी?

अशा वेळी शेजाऱ्यांनी गप्प बसावं, ही अपेक्षा निसर्गनियमाविरुद्ध आहे. जिन्यात भेटेल तो सल्ला देऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, नायकाला खुर्चीवर बसवा, सगळे प्रश्न सुटतात, माझा अनुभव आहे. समोरच्या काकू म्हणाल्या, खोली चाकांवर ठेवा, खोलीच पुढे जाईल. विम्याच्या एजंटाने नायकाचा विमा आहे का, अशी चौकशी केली. पूलवाल्यांनी मात्र काहीच सल्ला दिला नाही. दारात उभे राहून ते नुसते म्हणाले, "काय लेखकसाहेब, भिंत हलली का?"

मापेसाहेबांनी ठरवलं, प्रयोगच करून बघायचा. घरातली झोपायची खोली नेमकी दहा बाय बाराच होती, किंबहुना कादंबरीतली खोली तिच्यावरूनच घेतली होती. पलंग उभा करून भिंतीला लावला. डोळ्यांना मफलर बांधला. आपण रानात आहोत अशी मनाची पूर्ण तयारी केली आणि ते निघाले. पहिली चार पावलं रान होतं. पाचव्या पावलाला कपाट होतं.

संध्याकाळी कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन ते दूध आणायला खाली उतरले, तर पूलवाले फाटकाशीच उभे. त्यांनी टेंगळाकडे पाहिलं, टेप काढावा की काढू नये असा विचार केला, आणि सभ्यपणे एवढंच विचारलं, "पाचवंच ना?"

त्याच आठवड्यात भाची आली. ही मापेसाहेबांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मोठ्या इस्पितळात व्यायामोपचार करायची. झटका येऊन ज्यांचा एक पाय लुळा पडलाय, अपघातानंतर जे चालायचं विसरलेत, अशांना ती पुन्हा चालायला शिकवायची. मामाचं टेंगूळ बघून तिने आधी डोळ्यांत टॉर्च मारला, दोन बोटं नाचवून किती आहेत ते विचारलं, आणि मग सगळी हकीकत ऐकून खदखदा हसली.

"मामा, तुम्ही जे लिहिलंय ते आम्ही करतो की."

"काय करता?"

"चालवतो लोकांना. चष्मा असतो एक, डोळ्यांवर पट्ट्यासारखा बसतो. आत रस्ता दिसतो, झाडं दिसतात, मान वळवली की चित्रपण वळतं. खरी गंमत पुढे आहे. पेशंट सरळ रस्त्यावर चालत असतो ना, तेव्हा आम्ही चित्र अगदी केसभर एका बाजूला फिरवत राहतो. इतकं कमी की त्याला कळतच नाही. रस्ता समोर ठेवायला तो आपोआप केसभर वळतो. पुन्हा चित्र केसभर. पुन्हा तो केसभर. डोळे म्हणतात सरळ, पाय म्हणतात बरं. माणूस गोल फिरत राहतो आणि शपथेवर सांगतो, मी नाकासमोर चाललो."

मापेसाहेब खुर्चीतून उठले. चौदा प्रकरणं आपण लिहिली आणि असं यंत्र खरोखर आहे, तेही बहिणीच्या मुलीकडे! "म्हणजे दहा बाय बारात..."

"नाही ना," भाचीचा चेहरा उतरला. "तिथेच तर अडतं. गोल लहान असला की माणसाला कळतं, चक्कर येते. न कळता फिरवायचं तर मोठी जागा हवी, चाळीस मीटर तरी. आमची खोली तुमच्या या खोलीपेक्षा लहान आहे. पेशंटची आठ आखूड पावलं झाली की चष्म्यात लाल जाळी येते, पुढे भिंत आहे म्हणून. पेशंट दचकतो आणि थांबतो. एक शिंपीकाका आहेत. चार महिने झाले, आठ पावलांच्या पुढे गेलेच नाहीत. मला म्हणतात, बाई, पायाला सवय लागायच्या आधी थांबायची सवय लागली."

मापेसाहेबांच्या डोक्यात लेखक आणि निरीक्षक असे दोघेही एकदम जागे झाले होते. चाळीस मीटर. चाळीस मीटरची बंदिस्त, सपाट, रिकामी जागा त्यांनी पाहिली होती. खात्याचं गोदाम क्रमांक चार! एके काळी तिथे जप्त केलेले तराजू ठेवत. आता कोपऱ्यात एक ढीग सोडला तर आत कबुतरांशिवाय कुणी नव्हतं.

त्या रात्री नव्हे, तर लगेच त्याच पावली ते तळमजल्यावर गेले आणि त्यांनी पूलवाल्यांची बेल वाजवली.

"तुम्हाला मी सरळ चालवतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही जिथून निघाला तिथेच आणून सोडतो. तुम्हाला कळणार नाही."

पूलवाले हसले. "अहो, चाळीस वर्षं मी सरळ रेषा मारल्यात. नदीच्या दोन्ही काठांवरून काम सुरू करून मधोमध बोटाचंही अंतर पडू दिलं नाही. आणि मला कळणार नाही?"

"कळलं, तर मी विज्ञानकथा लिहिणं सोडून देईन. कायमचं."

हे वाक्य मापेसाहेबांना लगेच परत घ्यावंसं वाटलं. पण बाण सुटला होता.

"आणि नाही कळलं, तर मी मासिकात जाहीर पत्र लिहीन," पूलवाले म्हणाले. "नावानिशी."

आता गोदाम मिळवायचं. ज्या माणसाने इतरांचे अर्ज अठ्ठावीस वर्षं परत पाठवले, त्याला अर्ज कसा करावा हे ठाऊक असेल असं कुणालाही वाटेल. पण नदीच्या या काठावरून त्या काठाचं ऊन कळत नाही. छापील अर्जात 'जागा कशासाठी हवी' यापुढे तीनच चौकटी होत्या: साठवण, लिलाव, परीक्षा. चौथी चौकट नव्हती. 'बनावट जगात चालण्यासाठी' असं समासात लिहिलं तर अर्ज वरच्या साहेबांकडे जातो आणि वरचे साहेब तो त्यांच्याही वरच्यांकडे पाठवतात, हे मापेसाहेबांना पक्कं माहीत होतं. त्यांनी बराच वेळ पेन चावलं. साठवण नव्हे. लिलाव तर नव्हेच. आणि एका अर्थी परीक्षाच होती की! त्यांनी 'परीक्षा' या चौकटीत खूण केली, आणि 'विषय' या रकान्यात सत्याला स्मरून लिहिलं: चालणे.

अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला. तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. सरकारी कचेरीत जे दोन दिवसांत मंजूर होतं त्यामागे काहीतरी घोटाळा असतोच. पण लेखकाच्या अंगात विजय संचारला होता.

सुटीच्या दिवशी सकाळी सगळे गोदामापाशी पोचले. भाचीकडे चष्मा, लॅपटॉप आणि इस्पितळातल्या मोठ्या बाईंची परवानगी. बायकोकडे चहाचा थर्मास, शिट्टी आणि मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी. पूलवाल्यांकडे टेप, अर्थातच. मापेसाहेबांकडे किल्ली होती, पण ती लावायची वेळच आली नाही. दार आधीच उघडलेलं होतं आणि दारासमोर रांग होती.

सदतीस माणसं. पायांत पळायचे बूट, हातांत प्रमाणपत्रांच्या पिशव्या. काही जण वाकून पायांचे अंगठे धरत होते, काही जागच्या जागी उड्या मारत होते. दारावर खात्याच्या शिक्क्यासह नोटीस डकवलेली होती, आणि तीच पेपरातही आली होती: 'गोदाम क्र. ४ येथे परीक्षा. विषय: चालणे. वेळ सकाळी नऊ.' आणि दारात टेबल टाकून, पुढ्यात वही घेऊन परीक्षा विभागाचे एक पर्यवेक्षक बसले होते.

"आपणच परीक्षक ना?" पर्यवेक्षकांनी विचारलं. "सही करा. प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट कुठे आहे?"

मापेसाहेब किल्ली खिशात सारत म्हणाले, "ही... ही तोंडी परीक्षा आहे. म्हणजे, पायी."

"पायी, पण पाकीट हवंच. आणि भरती कुठल्या पदाची? लोक विचारतायत. पहारेकरी म्हणून मी सांगून बसलोय."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मापेसाहेब हसत आत गेले असते. चूक खात्याची होती, नोटीस खात्याची होती. पण खूण त्यांची होती. ते रांगेसमोर उभे राहिले. त्यांनी खरं ते सांगून टाकलं: भरती नाही, पद नाही, हा एका कादंबरीपायी चाललेला खासगी प्रयोग आहे, आणि तुमची फुकट पायपीट झाली याबद्दल मला फार वाईट वाटतं.

रांगेत कुरकुर उठली, आणि लवकरच कुरकुरीचा आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं तक्रार करू, कुणी म्हणालं यांचंच वजन करू. एवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली. सदतीसच्या सदतीस माणसं, पर्यवेक्षकांसकट, ताठ उभी राहिली.

"एका हाताचं अंतर!" बायको गरजली. "हं. आता ऐका. चूक झाली, त्यांनी कबूल केली. ज्यांना जायचंय त्यांनी चहा घेऊन जा. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा. आत एक यंत्र आहे, ते चांगल्या चांगल्यांना गोल फिरवतं म्हणे. बघू कोण सरळ चालतं ते!"

रांगेत सगळ्यात पुढे एक उंच बाई होती, पहाटे घर सोडून दोन बसगाड्या बदलून आलेली. तिने प्रमाणपत्रांची पिशवी खांद्यावर नीट केली. "आलेच आहे तर चालून जाते," ती म्हणाली. "सरळ चालण्यात मला कोण हरवतं बघू."

एकही माणूस गेला नाही. फुकटची स्पर्धा सोडून जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

पहिला मान अर्थातच लेखकाचा. मापेसाहेबांनी चष्मा चढवला, आणि समोर रान उभं राहिलं. खरं रान! पानांतून ऊन गळत होतं, पायवाट दूरवर गेली होती. आपण लिहिलेलं चौथं प्रकरण आपल्यासमोर उघडलंय असं त्यांना वाटलं. ते भारावून चालू लागले. पायवाट सरळ होती, पुढेही सरळ होती, मग अचानक झाडं लटपटली, रान एका बाजूला कललं, आणि जप्त केलेल्या तराजूंच्या ढिगात ते गुडघ्यांपर्यंत रुतले. पारडी खणाणली, वजनं गडगडली, कबुतरं उडाली. चष्मा काढला तेव्हा एक पारडं त्यांच्या डोक्यावर टोपीसारखं बसलं होतं.

"पाव अंशही वळले नाहीत," पूलवाले टेप गुंडाळत म्हणाले. "थेट ढिगात. लेखकसाहेब, चला घरी."

सदतीस माणसं हसली. पर्यवेक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मापेसाहेबांना वाटलं, आजचा दिवस, आपली चौदा प्रकरणं आणि आपली सगळी अब्रू या ढिगातच जप्त झाली.

भाची मात्र वर बघत होती. "ऊन!" ती ओरडली. "मामा, छपराच्या फटींतून ऊन येतंय. चष्म्याला पुढे छोटे कॅमेरे आहेत, त्यांनी जमीन बघून आपण कुठे आहोत ते ओळखायचं असतं. ऊन-सावलीचे पट्टे हलले की ते गोंधळतात. फटी झाकल्या तर होईल!"

फटी होत्या तेवीस आणि छप्पर उंच. पण सदतीस धडधाकट माणसं परीक्षेच्या तयारीने आली असताना छपराची काय बिशाद! शिडी सापडली, जुने ताडपत्रीचे तुकडे सापडले. उंच बाई सगळ्यात आधी वर चढली. अर्ध्या तासात गोदामात सारखा, मऊ उजेड पसरला. पर्यवेक्षकांनीही बाही वर करून शिडी धरली. पदाला शोभत नाही हे त्यांना ती धरल्यावर आठवलं.

"आता मी," पूलवाले पुढे झाले. "आणि माझ्यासाठी रान नको. मला सरळ काहीतरी द्या. पूल आहे का?"

पूल होता. भाचीने तो लावला. बायकोने भुकटीच्या पिशवीला भोक पाडून ती पूलवाल्यांच्या कमरेला मागे बांधली, म्हणजे ते जातील तिथे जमिनीवर पांढरी रेघ पडेल. नंतर कुणी 'मी असा गेलोच नव्हतो' म्हणायला नको. मापेसाहेबांनी त्यांच्या बुटांपाशी खडूने फुली मारली. भाची बाजूने चालायला तयार झाली.

"निघा," मापेसाहेब म्हणाले.

पूलवाले निघाले. छाती पुढे, मान ताठ, अगदी नाकासमोर. पांढरी रेघ त्यांच्या मागे सरळ पडू लागली. तीन पावलं, सरळ. पाच. मग रेघ, अगदी लाजत लाजत, डावीकडे झुकली.

"कठडा दोन बोटं ठेंगणा आहे," पूलवाले चालता चालता म्हणाले. "कुणी बांधलाय हा?"

सदतीस माणसं तोंडावर हात धरून उभी होती. पूलवाले ढिगाला लांबून वळसा घालून गेले, गोदामाच्या मागच्या भिंतीला समांतर गेले, दाराशी आले, पर्यवेक्षकांच्या टेबलासमोरून ऐटीत पुढे निघून गेले.

"दिशा जाणवतेय का काका?" भाचीने विचारलं.

"जाणवायचंय काय त्यात? सरळ पूल, सरळ चाललोय. तुमचं यंत्र केव्हा वळवणार मला? खाली पाणी मात्र छान काढलंय. खांबांभोवती भोवरेसुद्धा दाखवलेत, तेवढे गुण द्यायला हवेत."

दुसरी फेरी पहिल्या रेघेवरून गेली, इतकी नेमकी की रेघ नुसती जाड झाली. शेवटी पूलवाले थांबले. "आला पलीकडचा काठ. बरोबर अडीचशे मीटर चाललोय, पावलं मोजलीत मी. एक अंशही वळलो नाही. हरलात लेखकसाहेब."

"चष्मा काढा," मापेसाहेब म्हणाले.

त्यांनी काढला. पायांखाली खडूची फुली होती. समोर, मागे, सगळीकडे एक भलंमोठं, सुरेख, पांढरं वर्तुळ.

पूलवाल्यांनी फुलीकडे पाहिलं. वर्तुळाकडे पाहिलं. आपल्या बुटांकडे असं पाहिलं की जणू चाळीस वर्षांच्या नोकरांनी दगा दिला. मग ते खाली बसले, टेपचं टोक उंच बाईच्या हातात दिलं आणि माप घ्यायला लागले. चार ठिकाणांहून घेतलं. कागदावर आकडेमोड केली.

"त्रिज्या वीस मीटरला दहा सेंटिमीटर कमी," ते उठत म्हणाले. "दोन फेऱ्या, अडीचशे मीटर. पावलं बरोबर मोजली होती मी. फक्त... फक्त पूल सरळ नव्हता." आणि मग त्यांनी मापेसाहेबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "लेखकसाहेब, मला कळलं नाही हो! अजिबात कळलं नाही!"

जो जल्लोष उठला तो रस्त्यापर्यंत गेला. मापेसाहेबांना कुणीतरी उचललं. उतरवल्यावर त्यांचा एक बूट सापडेना, पण त्या क्षणी त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागत नव्हतेच. मग एकेक करून सगळे चालले. उंच बाई सगळ्यांपेक्षा ताठ चालली आणि सगळ्यांपेक्षा गोल. पर्यवेक्षक 'मी ड्यूटीवर आहे' असं तीनदा म्हणाले आणि चौथ्यांदा चष्मा लावून गेले. दुपारपर्यंत गोदामाची जमीन वर्तुळांनी भरून गेली.

"पण एक सांगतो," पूलवाले चहा घेताना म्हणाले, "दहा बाय बारात हे बसत नाही. चाळीस मीटर लागतात."

"नाही बसत," मापेसाहेबांनी कबूल केलं. माप चुकलं असेल तर चुकलं म्हणायला जिंकलेल्या माणसाला जड जात नाही. पंधराव्या प्रकरणात त्यांनी खोलीची आतली भिंत पाडली आणि पलीकडे एक गोदाम काढलं. खात्याने ते अर्ज केल्यावर दोन दिवसांत दिलं, हेही लिहिलं. संपादकांचा फोन आला. "यंत्र पटलं हो, उत्तम पटलं. पण सरकारी गोदाम दोन दिवसांत मिळालं हे वाचकांना कसं पटेल? तेवढं काढू या का?" मापेसाहेब आयुष्यात पहिल्यांदा संपादकांना 'नाही' म्हणाले. प्रकरण जसंच्या तसं छापलं गेलं. शेजारी पूलवाल्यांचं पत्र होतं, नावानिशी, वर्तुळाच्या आकृतीसह. ते मासिकाचं अख्खं पान खाऊन बसलं आणि बागकामाचं सदर लांबणीवर पडलं.

इकडे पर्यवेक्षकांनी नियमाप्रमाणे अहवाल वर धाडला: 'उमेदवार सदतीस. उपस्थित सदतीस. सरळ चाललेले: निरंक.' वरच्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि मापेसाहेबांना बोलावणं आलं. ते बोलणी खायच्या तयारीने गेले. जाताना मात्र भाचीने लिहिलेला इस्पितळाचा अर्ज त्यांनी खिशात ठेवला होता. साहेबांनी रागावायला सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी तो पुढे केला आणि आठ पावलांवर येणाऱ्या लाल जाळीचं सांगितलं. आपल्या आईला झटका आला होता तेव्हाची तिची खोलीही लहानच होती, असं साहेब म्हणाले. मग त्यांनी पेन घेतलं, छापील अर्जातल्या तीन चौकटींखाली स्वतःच्या हाताने चौथी काढली, आणि तिच्यात खूण केली. आठवड्यातून दोन सकाळी, गोदाम क्रमांक चार, इस्पितळाला.

पेशंटच्या बाजूने चालायला इस्पितळाला माणूस हवा होता. भाचीने उंच बाईचं नाव दिलं, आणि प्रमाणपत्रांची पिशवी अखेर कुणीतरी उघडून पाहिली. पुढच्या सोमवारी ती कामावर रुजू झाली.

पहिल्या सकाळी शिंपीकाका आले. काठी टेकत, डावा पाय ओढत. मापेसाहेबांनी रजा टाकली होती. पूलवाले टेप घेऊन हजर होते; आता ते दर वेळी येणार होते, अंतर कुणीतरी नीट मोजायला हवं म्हणून. काकांना चष्मा लावला, कमरेला पट्टा बांधला, एका बाजूला उंच बाई, दुसऱ्या बाजूला भाची. काकांना दोन्ही बाजूंना दुकानं असलेला लांब रस्ता हवा होता.

सहा पावलं. सात. आठव्या पावलाला ते सवयीने थांबले आणि त्यांनी अंग चोरलं.

"जाळी नाही काका," भाची हळूच म्हणाली. "पुढे रस्ता आहे."

नववं पाऊल पडलं. मग दहावं. पंधराव्याला त्यांनी दुकानांवरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली. एका दुकानात टांगलेल्या कोटाच्या बाहीला त्यांनी नावं ठेवली, शिलाई ओढलीय म्हणून. डावा पाय अजून ओढत होता, पण तो ओढतोय हे पाहायला काकांना आता सवड नव्हती. रस्ता बघायचा होता. मध्ये तीनदा ते खुर्चीवर टेकले आणि तिन्ही वेळा आपणहून उठले. शिट्टी विसरून बायको नुसती बघत राहिली. भाचीने एकदा बाहीने डोळे पुसले. मापेसाहेबांना चार ओळी सुचत होत्या आणि त्यांतली एकही त्यांना लिहावीशी वाटत नव्हती.

"किती आलो?" शेवटी चष्मा न काढताच, धापा टाकत काकांनी विचारलं. चेहरा घामाने निथळत होता आणि आनंदाने फुलला होता.

पूलवाल्यांनी टेप पाहिला, फेऱ्या मोजल्या, घसा साफ केला. "तीनशे चौऱ्याहत्तर मीटर."

"बाप रे! मग परतीचं काही चालत जमायचं नाही आता. एखादी गाडी बघा बुवा."

"बघतो," पूलवाले म्हणाले, आणि टेप खिशात टाकून गाडी बघायला, फक्त काकांच्या चष्म्यात असलेल्या रस्त्याच्या त्या टोकाकडे लगबगीने निघालेसुद्धा.